वसंत आणि वाळवण

फाल्गुन सरत आला म्हणजे पुण्यातील सुशिक्षित घरांतून दोन प्रकारच्या तयारीस आरंभ होतो. पुरुषमंडळी यंदा वसंत व्याख्यानमालेत कोण कोण बोलणार याची चौकशी करू लागतात आणि बायका गहू भिजत घालतात. यांपैकी पहिल्या तयारीत मी चाळीस वर्षे मोठ्या निष्ठेने भाग घेतला. दुसरीकडे माझे लक्ष गेले ते वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, आणि तेही एका झाडामुळे. ती हकीकत सांगण्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच आहे.

मी १९७४ साली मॅट्रिक झालो. पुढे शिकावे अशी घरची परिस्थिती नव्हती. परंतु आमच्या पेठेतील एका वृद्ध शास्त्रीबोवांची कृपा झाली आणि त्यांच्या ओसरीवर बसून रघुवंश, कुमारसंभव, मेघदूत ही काव्ये मी अन्वयार्थासह वाचली. त्याच शिदोरीवर एका शाळेत संस्कृत शिकविण्यात पस्तीस वर्षे गेली. कुमारसंभवाचा तिसरा सर्ग म्हणजे माझा हातखंडा विषय. पाठ्यपुस्तकात त्यातील चारसहा श्लोक असले तर असत. पण शंकराच्या तपोवनात मदनाबरोबर अवेळी अवतरलेला तो वसंत मी पदरचे श्लोक घालून अशा रंगाने वर्णन करीत असे की, शेजारच्या वर्गावरील गणिताचे मास्तर खडू हातात घेऊन दाराशी येऊन उभे राहात. किंशुक म्हणजे पळस, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणतीच नाही.

आता हकीकतीकडे वळतो. २०२४ सालच्या मार्च महिन्यातील, होळीपूर्वीचा रविवार होता. पुतण्याने नवीन मोटार घेतली होती, तेव्हा सर्वांनी सिंहगडावर जावे असे ठरले. आमच्या घरातील मंडळींना गुडघ्यांचे दुखणे; त्यांना गड चढवत नाही. परंतु घाटरस्त्याने मोटार थेट पुणे दरवाजाच्या जवळपर्यंत जाते, म्हणून त्याही निघाल्या. खडकवासल्याचे पाणी मागे पडले, घाट लागला, आणि एका वळणावर एक झाड असे काही पेटलेले दिसले की पुतण्याने आपण होऊनच गाडी थांबविली. अंगावर पान औषधाला नाही आणि काळ्या वाकड्या फांद्या केशरी फुलांनी नखशिखांत भरून गेलेल्या!

"आजोबा, हे कसले झाड?" नातीने विचारले.

संस्कृताच्या मास्तराने 'ठाऊक नाही' असे कसे म्हणावे? मी चष्मा सावरला आणि गंभीरपणे सांगितले, "पांगारा असावा."

मागच्या बाजूने आवाज आला, "अहो, पांगारा कसला? पळस आहे तो."

आमच्या मंडळींचे माहेर वाई तालुक्यातले. त्या काठी टेकीत खाली उतरल्या. झाडाखाली पडलेले एक वाळके पान त्यांनी नातीला उचलावयास लावले आणि एका देठाला तीन पाने कशी असतात ते दाखविले. त्यांची आजी याच पानांना चोया टोचून पत्रावळी लावीत असे. रंगपंचमीच्या आदल्या दिवशी हीच फुले उकळून रंग करीत, आणि तो रंग अंगावर पडला तरी कातडीला काही होत नसे. पांगाऱ्याच्या खोडाला काटे असतात, त्याचे फूल याहून लाल. काटेसावरीचे फूल वाटीसारखे मोठे. हे सर्व त्यांनी पाच मिनिटांत, एकही ग्रंथाधार न देता, सांगून टाकले. मग माझ्याकडे पाहून त्या अगदी सहज म्हणाल्या, "तुम्ही कधी पाहिला नव्हतात वाटते?"

त्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. विद्याहीन मनुष्याला सुभाषितकारांनी निर्गंध पळसाची उपमा दिली आहे. ती उपमा मी वर्गातील मठ्ठ मुलांना उद्देशून अनेकदा वापरली होती. पस्तीस वर्षे किंशुक शिकवून पळस न ओळखणाऱ्या मास्तरास कोणती उपमा द्यावी, हे मात्र त्या सुभाषितकारांनी सांगून ठेविलेले नाही.

गडावर पिठले-भाकरी झाली, मडक्यातले दही झाले. मुले तानाजीच्या समाधीकडे गेल्यावर मी हळूच विचारले, "एवढे सगळे तुला ठाऊक होते, तर कधी बोलली का नाहीस?"

"बोलणार केव्हा?" त्या म्हणाल्या. "फाल्गुन-चैत्रात मी गच्चीवर असते."

हे अक्षरशः खरे होते. आमचे लग्न १९८४ साली झाले. वाड्यात तेव्हा आम्ही चौदा माणसे होतो. वर्षाची बेगमी म्हणजे केवढे काम, हे मी ऐकून होतो, पाहून नव्हतो. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग ते वाटून चीक काढावयाचा, तो रात्रभर निवू द्यावयाचा, पहाटे वरचे पाणी ओतून मापास माप पाण्यात शिजवावयाचा. गुठळी होऊ नये म्हणून तो घोटताना खांदे भरून येतात. उन्हे चढण्याच्या आत कढत चीक सोऱ्यात भरून कुरडया घातल्या पाहिजेत. त्यानंतर उडदाचे पापड, मिरगुंडे, साबुदाण्याच्या फेण्या, बटाट्याचा कीस. ते संपते न संपते तोच चैत्रगौर झोपाळ्यावर बसते, आणि हळदीकुंकवासाठी आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजविलेल्या हरभऱ्यांच्या ओट्या आल्याच. वाडा २००६ साली पाडला आणि तेथे सदनिका झाल्या, तरी गच्ची राहिली आणि वाळवणही राहिले.

त्या काळात मी कोठे असे? न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेली ती थोर व्याख्यानमाला एप्रिल-मे महिन्यांत टिळक स्मारक मंदिरात चालते. संध्याकाळी मी तेथे असे. स्त्रियांच्या उन्नतीवरील एक फार उत्तम व्याख्यान ऐकून मी एकदा रात्री भारावून घरी आलो होतो आणि त्यातील मुद्दे मंडळींना सांगू लागलो होतो. त्या वेळी त्या उद्याच्या पापडांच्या लाट्या मोजीत होत्या. 'हूं' म्हणाल्या. त्या 'हूं'चा अर्थ मला आता थोडाथोडा लागू लागला आहे. आमच्या गच्चीवरून पर्वतीचे कळस स्वच्छ दिसतात. लग्न झाल्यावर सासूबाईंबरोबर एकदा त्या पर्वतीला गेल्या होत्या. त्यानंतर चाळीस वर्षे कावळे हाकीत त्यांनी ती लांबूनच पाहिली.

गडावरून आल्यावर मी दोन गोष्टी करावयाच्या ठरविल्या. एक म्हणजे पुस्तक मिटून झाडे पाहावयाची. आपल्या पंचांगात वसंत चैत्र-वैशाखांत असतो. झाडांचा वसंत मात्र आपल्याकडे माघापासूनच चालू होतो. काटेसावर, पळस, पांगारा हे आधी सारी पाने झाडून टाकतात आणि उघड्या फांद्यांवर फुलतात. पाने आड येत नसल्यामुळे मैना, बुलबुल, शिंजीर या पाखरांना ती फुले दुरूनही दिसतात. मधासाठी ती पाखरे येतात आणि त्यांच्या चोचीबरोबर पराग या फुलावरून त्या फुलावर जातो. पळसाच्या शेंगा उन्हाळ्यात पिकतात व मृगाच्या पावसाला बी जमिनीत तयार असते. ज्याला आपण नुसती शोभा म्हणतो तीही वर्षाची बेगमीच आहे, हे मला या वयात कळले. गच्चीवर जे चालते तेच डोंगरावर चालते म्हणावयाचे.

दुसरी गोष्ट, गुडघे दुखणाऱ्या माणसाला पुण्याचा वसंत कोठे कोठे पाहता येईल याचा शोध घ्यावयाचा. तो वाचकांच्याही घरी उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. पहाटेची वेळ असेल तर सारसबाग उत्तम. चालण्याची वाट सपाट आहे. नानासाहेब पेशव्यांनी करविलेल्या तळ्यातला हा गणपती सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत, १७८४ साली स्थापन झाला. तळे पुढे बुजविले गेले, पण 'तळ्यातला गणपती' हे नाव टिकले. दुपारच्या उन्हात जावयाचे असेल तर एम्प्रेस गार्डन. व्हिक्टोरिया राणीच्या नावाची ही बाग सुमारे ३९ एकरांची आहे. तेथे जुनी प्रचंड झाडे आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली आहेत. चैत्रातही सावली मोडत नाही. तांबट पक्ष्याचा टुकटुक आवाज ऐकत आम्ही तेथे दोन तास बसलो होतो. चैत्र शुद्ध नवमीला दुपारी बारा वाजता तुळशीबागेत रामजन्माला जावे. गर्दी असते, तेव्हा वडील माणसांना घेऊन तासभर आधी जाऊन भिंतीलगत बसावे. आणि काहीच जमले नाही, तर संध्याकाळी रिक्षाने रस्त्यांतूनच हिंडावे. एप्रिलच्या अखेरीस बहाव्याचे पिवळे घोस, मग गुलमोहर. हा गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पण आता इतका आपलासा झाला आहे की त्याला परका म्हणवत नाही.

तरुण मंडळींनी वेताळ टेकडीवर जावे. शहरातील ती सर्वांत उंच जागा. पहाटे मोरांचा केकारव ऐकू येतो. फाल्गुनात तेथे गुलाबी फुलांनी डवरलेली झाडे दिसतात ती गिरिपुष्पाची. ती मध्य अमेरिकेतून आलेली असून टेकड्या हिरव्या करण्यासाठी लावलेली आहेत. सालई, मोई, गणेर ही आपली जुनी झाडे त्यांच्या गर्दीत शोधून काढावी आणि घरी आल्यावर आजीला त्यांची नावे विचारावी. पुष्कळदा ती तिला ठाऊक असतात.

आता राहिली कुरडयांची गोष्ट. २०२५ च्या चैत्रात मी मोठ्या उदारपणे म्हटले, "यंदा सगळे विकत आणू. बाजारात हवे तेवढे मिळते."

मंडळींना ते मुळीच रुचले नाही. "विकतच्या कुरडया कोणाला हव्या आहेत? मला कामाचा कंटाळा नाही. तुम्हाला एवढे वाटत असेल तर सोऱ्या धरा."

तेव्हा मी, माझे थोरले बंधू आणि पुतण्या असे तिघे पहाटे साडेपाचला गच्चीवर हजर झालो. चीक मी घोटला. सोऱ्या मी दाबला. सात वाजता माझ्या तळहाताला फोड आला आणि पहिल्या दहा कुरडयांचा आकार पाहून वहिनींनी तोंडाला पदर लावला. परंतु आठ वाजता काम आटोपले होते. इतर वर्षी तेच काम आटपावयास दहा वाजत. कावळे हाकण्याचे काम बंधूंनी वर्तमानपत्र वाचता वाचता पत्करले, ते त्यांना चांगले साधले. कुरडया विकत आणाव्या की घरी कराव्या, याचा निर्णय ज्यांच्या हातांनी त्या होतात त्यांनी करावा; हात मात्र सर्वांचे लागावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी व्याख्यानाला गेलो नाही. आम्ही दोघे रिक्षाने पर्वतीच्या पायथ्याशी गेलो. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. नानासाहेबांनी हे देवस्थान उभारले आणि पानिपताच्या आघातानंतर १७६१ साली त्यांनी देह ठेवला तोही याच टेकडीवर. मी म्हटले, "तू येथे बस, मी वर जाऊन नमस्कार करून येतो आणि वरून काय काय दिसते ते तुला सांगतो."

"तुम्ही सांगितलेले पुष्कळ ऐकले," त्या हसून म्हणाल्या आणि माझा फोड आलेला हात धरून पहिली पायरी चढल्या. पायऱ्या रुंद आहेत. दोन पावले सपाट चालून मग एक चढ, अशा रीतीने जमते. अकराव्या पायरीवर त्या थांबल्या, कडेला बसल्या, आणि तेथूनच पुण्याकडे तोंड करून बराच वेळ पाहात राहिल्या. खाली कोणत्या तरी अंगणातला कडुनिंब फुलला होता. त्याचा मंद, गोडसर वास येत होता. आमची गच्ची कोणत्या बाजूला असेल हे त्यांनी शोधले. ते मला सापडत नव्हते.

डॉक्टरांना विचारले. दररोज थोडे चालत जा, घाई करू नका, असे ते म्हणाले. तेव्हा उरलेल्या ब्याण्णव पायऱ्यांची घाई नाही.

वाचकांस एकच विनंती. येत्या चैत्रात आपल्या घरच्या गच्चीवर पहाटे एकदा जाऊन पाहा. व्याख्याने आठला नाही तरी नऊला सुरू होऊन चालत नाहीत, आणि ऋतू तर कोणासाठीच थांबत नाही. ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत अशा गृहिणींना पर्वती दाखवावयाची ती आजच दाखवावी. मी चाळीस वर्षे उशीर केला. आपण करू नये.