मोगऱ्याचे पाणी

ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय शिकवताना माळी आणि पाणी यांचा दृष्टांत आला, की आम्ही दोघेही आपापल्या वर्गात जरा रेंगाळतो. माळी वळवील तिकडे पाणी मुकाट्याने जाते. कर्तेपणाचा अभिमान सुटलेल्या भक्ताने तसे व्हावे, हा त्याचा आशय. पाण्याविषयी आम्ही पुष्कळ बोललो. माळ्याकडे मात्र आमचे लक्ष कधी गेले नव्हते. ते गेले आमच्याच अंगणात.

छत्रपती संभाजीनगराने गेली कित्येक वर्षे नळाला रोजचे पाणी पाहिलेले नाही. पाण्याच्या दिवशी आधी टाक्या भरायच्या आणि मग नळी मोगऱ्याच्या आळ्यात सोडायची, हा आमचा शिरस्ता. गेल्या उन्हाळ्यात कामाला येणाऱ्या मावशी त्या नळीकडे पाहत म्हणाल्या, "तुमच्या मोगऱ्याची आंघोळ आमच्या आधी होती बघा." त्यांच्या वस्तीत चार दिवस टँकर फिरकला नव्हता. स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते अधिक लागले.

सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने या शहरासाठी नहर-ए-अंबरी बांधली. उत्तरेकडचे पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर गावात येई. आजचे पाणी दक्षिणेहून येते. पैठणच्या जायकवाडी धरणातून ते विजेच्या पंपांनी चढावर उपसावे लागते, मग शुद्ध करावे लागते. पिण्यासाठी एक आणि बागेसाठी दुसरी अशी वाहिनी आमच्याकडे नाही. एवढ्या सायासाने चढवलेले पाणी आम्ही आळ्यात जिरवत होतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथील प्रवराही पुढे गोदावरीला मिळून याच धरणाच्या नाथसागरात येते. दृष्टांतातले पाणी आमच्या नळीपर्यंत पोहोचले होते. अर्थ तेवढा वाटेत राहिला होता.

आता मोगऱ्याला तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी मिळते. यंदा फुले कमी आली. मावशींच्या वस्तीतला टँकर त्यामुळे लवकर येऊ लागला, असेही नाही.

वर्गात मात्र एक प्रश्न वाढला आहे. पाण्याने निवांत असावे, हे खरेच. पण माळ्याने निवांत राहून कसे चालेल?