संघात कोण?

शाळांच्या स्मरणिकांमध्ये काही पाने ठरलेली असतात. संस्थापकांचे छायाचित्र, गुणवंतांची यादी, देणगीदारांचे आभार आणि शेवटी कुठेतरी खेळाडूंच्या संघाचे छायाचित्र. त्याकडे कौतुकाने पाहून वाचक पान उलटतो. आम्ही पडलो इतिहासाचे शिक्षक. आम्हाला ते पान सहज उलटवत नाही. संघाचे छायाचित्र हाही एक दस्तऐवज असतो. त्यात मध्यभागी कोण बसला आहे, कडेला कोण उभा आहे आणि चौकटीत कोण आलाच नाही, हे वाचता आले पाहिजे. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आम्हाला शाळेच्या क्रीडाजीवनावर लिहावयास सांगितले, तेव्हा पदकांची जंत्री देण्याऐवजी एक जुनाच प्रश्न माजी विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे ठेवावा, असे वाटले. संघात कोण?

राष्ट्र, समाज, धर्म हे शब्द फार मोठे आहेत. मैदानावर मात्र त्यांना अकरा चेहरे धारण करावे लागतात. त्या अकरांत कोणाला घेतले आणि कोणाला वगळले, यावरून त्या मोठ्या शब्दांचा खरा अर्थ कळतो. महाराष्ट्राने हा धडा शंभर वर्षांपूर्वीच, आणि तोही क्रिकेटच्या मैदानावर, गिरवला आहे.

त्या काळी मुंबईत धर्मवार संघांचे सामने होत. युरोपियन, पारशी आणि हिंदू, पुढे 1912 पासून मुसलमान. म्हणून त्यांना चौरंगी सामने म्हणत. हिंदूंच्या संघातील सर्वांत भेदक गोलंदाज होते बाळू पालवणकर, चर्मकार समाजातील एका लष्करी नोकराचे पुत्र. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबमध्ये महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखता राखता त्यांनी तेथील साहेबांना चेंडू टाकले आणि हात तयार केला. पुढे पुण्यातील हिंदूंच्या क्लबने त्यांना खेळावयास बोलावले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सगळे हाताळीत. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर उभे करून वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

1906 साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला. त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता आणि त्यांचे बंधू शिवरामही संघात होते. त्या वेळी चौदा वर्षांचे भीमराव आंबेडकर मुंबईतच एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी बेताचीच झाली, पण बाळूंनी 114 बळी घेतले.

इतके होऊनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. गोलंदाजी करण्यापुरते ते हिंदू होते. नेतृत्वाचा प्रश्न आला की त्यांची जात आठवे. 1920 साली बाळूंना संघातूनच वगळण्यात आले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या बंधूंनी आपण खेळणार नाही असे जाहीर केले आणि या निर्णयामागील जातीचे कारण उघडपणे मांडले. वाद वृत्तपत्रांत गेला. अखेर बाळूंना उपकर्णधार करावे लागले आणि बंधू परतले. 1923 साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघ जिंकला. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ या नावाने आत्मचरित्र लिहिले. ते मराठीत आहे, ही गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

येथे एक अवघड पान येते आणि ते आम्ही गाळत नाही. 1937 च्या प्रांतिक निवडणुकीत बाळू पालवणकर मुंबईत काँग्रेसचे उमेदवार म्हणून बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले. बाबासाहेबांना 13,245 मते मिळाली, बाळूंना 11,225. बाळूंचे नाव आमच्या लहानपणी वस्तीत कधी कानावर पडले नाही, त्याचे एक कारण हे असावे. त्यांची राजकीय वाट आम्हाला मान्य नाही. परंतु ज्याला बाहेर उभे राहून चहा प्यावा लागला, त्याच्या कर्तृत्वाला मतभेदापायी आपणही बाहेर उभे करावे, हे बाबासाहेबांनी दिलेल्या शिकवणुकीत बसत नाही. इतिहासाच्या संघातही निवड प्रामाणिक असली पाहिजे.

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांना फुटबॉलमुळे कळले. 2010 च्या जूनमध्ये विश्वचषक स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत भरली. विदर्भाच्या उन्हामुळे आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. मुले वसतिगृहात परतली तोवर यजमान संघ पहिल्याच फेरीत बाद झाला होता. तसे होणारा तो विश्वचषकाच्या इतिहासातील पहिला यजमान. तरीही मुलांच्या तोंडी त्याच संघाचे लाडके नाव होते, ‘बफाना बफाना’. झुलू भाषेत त्याचा अर्थ ‘पोरं, पोरं’. आपल्या वऱ्हाडीत सांगायचे तर ‘आपले पोट्टे’. मुलांना नाव गमतीचे वाटले. आम्ही त्यांना सांगितले की ‘आपले’ हा शब्द उच्चारण्यासाठी त्या देशाला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

वर्णद्वेषी राजवटीत तेथे गोऱ्यांची फुटबॉल संघटना वेगळी, कृष्णवर्णीयांची वेगळी, मिश्रवर्णीयांची वेगळी आणि भारतीय वंशाच्या लोकांचीही वेगळी होती. देशाच्या नावाने गोऱ्यांचीच संघटना मिरवत असे. 1957 साली सुदानमधील खार्टूम येथे पहिला आफ्रिकी राष्ट्रचषक ठरला. इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका हे चार संस्थापक देश. दक्षिण आफ्रिकेने कळविले की आम्ही एकतर संपूर्ण गोरा संघ पाठवू किंवा संपूर्ण काळा. मिश्र संघ पाठविणार नाही. इतर देशांनी ते नाकारले आणि स्पर्धा तीनच संघांची झाली. त्या देशांनी एका संघावाचून खेळणे पत्करले, पण विभागलेला संघ पत्करला नाही. पुढे जागतिक फुटबॉल महासंघानेही दक्षिण आफ्रिकेला निलंबित केले आणि सोवेटोतील विद्यार्थ्यांच्या उठावानंतर 1976 साली त्याचे सदस्यत्वच काढून घेतले.

याच काळात त्या देशातील सर्वांत सुव्यवस्थित फुटबॉल एका तुरुंगात खेळला जात होता. रॉबेन बेटावरील राजकीय कैद्यांनी खेळण्याच्या परवानगीसाठी वर्षानुवर्षे अर्ज केले. परवानगी मिळाल्यावर त्यांनी मकाना फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. तिची घटना लिहिली, क्लब केले, पंच नेमले, बैठकांची इतिवृत्ते ठेवली आणि खेळाडूंच्या तक्रारींवर लेखी निर्णय दिले. दगडाच्या खाणीत राबणारी माणसे आठवड्यातून एकदा नियमाने चालणारे लहानसे राज्य उभे करीत होती. 2007 साली जागतिक महासंघाने या संघटनेला मानद सदस्यत्व दिले.

1991 साली वर्णभेदविरहित एकच राष्ट्रीय संघटना अस्तित्वात आली. 7 जुलै 1992 रोजी डर्बन येथे सर्वांच्या मिळून बनलेल्या संघाने कॅमेरूनला 1-0 असे हरविले. गोल पेनल्टीवर डॉक्टर खुमालो याने केला. ‘बफाना बफाना’ हे नाव त्याच सुमारास रूढ झाले. 1996 साली त्यांनी घरच्या मैदानावर ट्युनिशियाला 2-0 ने हरवून आफ्रिकी राष्ट्रचषक जिंकला. चषक उंचावणारा कर्णधार नील टोव्ही गोरा होता, दोन्ही गोल करणारा मार्क विल्यम्स मिश्रवर्णीय होता आणि शेजारी संघाचीच जर्सी घालून नेल्सन मंडेला उभे होते. चार संघटनांत तोडलेला देश एका छायाचित्रात आला. त्यानंतर त्या देशातील दारिद्र्य संपले असे नाही, पण संघात कोण या प्रश्नाचे उत्तर मात्र कायमचे बदलले.

आपल्या विदर्भातही हा प्रश्न एका वेगळ्या दाराने आला. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली भर पावसात झोपडपट्टीतील मुलांना फुटक्या बादलीने फुटबॉल खेळताना पाहिले आणि त्यांतून झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी राहिली. तेथील मुले बेघरांच्या जागतिक स्पर्धेत भारताच्या नावाने खेळून आली. नागराज मंजुळे यांच्या 2022 सालच्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे ही हकिकत घरोघरी पोचली. ज्यांच्या वस्तीपुढे लोक भिंत बांधतात, तीच पोरे जर्सीवर देशाचे नाव घालतात, तेव्हा ती भिंत कोणाच्या लाजेची आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता आपल्या शाळेकडे वळू. माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल की आपल्या वसतिगृहात आरंभी बहुतेक मुले अकोला-अमरावतीकडील बौद्ध कुटुंबांतील होती. पुढे मातंग, पारधी, आंध समाजांतील मुले आली आणि मेळघाटातून, धारणी-चिखलदऱ्याकडून, कोरकू मुले आली. 2010 च्याच पावसाळ्यात आंतरशालेय सामन्यांसाठी संघ निवडायचा होता. दहावीच्या काही मुलांचे म्हणणे असे की शाळा आपल्या समाजाने घाम गाळून उभारली, तेव्हा कर्णधार आपल्यातलाच असावा. मागणी द्वेषातून आली नव्हती. ज्यांना पिढ्यान्पिढ्या कुठेच पुढे बसू दिले नाही, त्यांना निदान आपल्या घरी तरी पुढे बसावेसे वाटणे स्वाभाविक आहे. पण 1920 साली हिंदू संघाच्या कारभाऱ्यांनी मनातल्या मनात केलेला हिशेब याहून फार वेगळा नव्हता, हे मुलांना दाखविणे आमचे कर्तव्य होते.

आम्ही निर्णय दिला नाही. वर सांगितलेला इतिहास सांगितला. रॉबेन बेटाची हकिकत ऐकून मुलांनी शंभर पानी वहीत स्वतःची घटना लिहिली. चारच कलमे. निवड सर्वांसमक्ष मैदानावर होईल. कर्णधार गुप्त चिठ्ठीने निवडला जाईल. चेंडू, बूट आणि पाण्याची घागर सर्वांची राहील. ज्याला वगळले असेल तो कारण विचारू शकेल आणि त्याला लेखी उत्तर मिळेल.

चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा नववीतील एक कोरकू मुलगा कर्णधार झाला. तीन वर्षे पहाटे उठून मैदानातील गोटे आणि काटे वेचणारा दहावीचा एक विद्यार्थी तीन मतांनी मागे राहिला. त्याने चौथ्या कलमान्वये कारण विचारले. मुलांनी लिहून दिले की तुझा खेळ कमी नाही, चिठ्ठ्या कमी पडल्या. तो त्या वर्षी धाकट्या कर्णधाराच्या हाताखाली मन लावून खेळला. संघ दुसऱ्याच फेरीत हरला. शाळा सोडल्यानंतर तो विद्यार्थी कोणत्याही मेळाव्यास आला नाही. त्याचे दुःख खरे आहे आणि आम्ही ते लहान मानत नाही. तरीही ती मोजणी बरोबर होती, असेच आम्ही आजही म्हणू. ही स्मरणिका त्याच्या हाती पडली, तर त्याने एवढे जाणावे की त्या वहीतील चौथे कलम आज जिवंत आहे ते त्याने ते वापरले म्हणून. न वापरलेले कलम हे शोभेचेच असते.

1927 च्या नोव्हेंबरात अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीत परिषद भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. दार उघडा, असे तेव्हा आपल्या पूर्वजांनी इतरांना सांगितले. आज पाव शतकाच्या कष्टाने आपण स्वतः एक दार उभे केले आहे. ज्याच्या हाती दार असते, त्याची परीक्षा निराळी असते.

मुलींचे वसतिगृह सुरू झाल्यावर त्यांनी ती वही मागून घेतली आणि आम्हाला विचारले, “सर, यात सगळीकडे ‘मुलगा’ असेच लिहिले आहे, आम्ही कुठे आहोत?” त्यांनी पाचवे कलम वेगळ्या शाईने लिहिले. वहीची पाने अजून पुष्कळ शिल्लक आहेत. माजी विद्यार्थी शाळेत येतात तेव्हा इमारती पाहतात, वाचनालय पाहतात. त्यांनी ती वहीही मागावी. आणि आपापल्या गावी, कार्यालयात, मंडळात, विहाराच्या समितीत नावांची यादी तयार होत असेल, तेव्हा मोठ्याने एवढे विचारावे की संघात कोण आहे आणि कोण राहून गेले आहे.

जयभीम!