माणदेशी लोकर आणि दोन सुया

1962 च्या हिवाळ्यात साताऱ्याला आमच्या आळीतल्या बायका एकाच रंगाचं विणकाम करत होत्या. मिलिटरी-हिरवी लोकर आणि चीनच्या युद्धात सीमेवर असलेल्या जवानांसाठी स्वेटर, मोजे, कानटोप्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते. कराडचा माणूस तिकडे गेला म्हटल्यावर सगळ्या जिल्ह्याला ते घरचंच काम वाटत होतं. दुपारची झाकपाक करून आई सोप्यात बसायची. लडी माझ्या दोन्ही हातांत ताणलेली असायची आणि ती भराभर गुंडा करायची. मग टाके. दोन सुलट, दोन उलट. बोलता बोलता तिचे हात चालत, नजर क्वचितच खाली जाई. स्वेटर कुणाच्या अंगावर जाणार हे तिला कधीच कळणार नव्हतं, तरी बाहीची लांबी ती वडिलांच्या हातावर दोनदा मापून बघायची.

धागा काढायला मी शिकले ती मात्र शाळेत. सूतकताईच्या तासाला टकळी, कापसाचा पेळू आणि सारखा तुटणारा तंतू. भिंतीवर कर्मवीर भाऊराव पाटलांची तसबीर होती, पांढरी दाढी आणि खांद्यावर घोंगडी. ती घोंगडी कुणी कातली, कुणी विणली, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.

लग्न होऊन आटपाडीला आले तेव्हा ते आपोआप कळलं. 1960 साली दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला, पण माणदेश दोन्हीकडे पसरलेला, आणि मेंढरांना जिल्ह्याची हद्द नाही. 'बनगरवाडी' कादंबरीचा हाच मुलूख. बांधावर काठी बगलेत धरून टकळी फिरवणारा धनगर, वाड्यावर जमिनीलगत बसून लाकडी चरख्यावर लोकर कातणारी म्हातारी, हे शाळेत शिकवायला जातायेता दिसायचं. कातलेला धागा सणगराच्या मागावर जायचा. तिथे चिंचोक्याची खळ पिऊन तो ताठ व्हायचा आणि उभ्याआडव्याने घोंगडी व्हायची. पाऊस, थंडी, अंथरूण, बिरोबाची पूजा, सगळ्याला तीच.

मी मात्र दुकानातली लुधियानाची लोकर आणून विणत होते. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत कातणारे हात धनगरांचे, माग सणगरांचे आणि सुया शिकलेल्या घरांतल्या बायकांच्या. सुयांवर इथली लोकर कधी चढलेली मी तरी पाहिली नव्हती. कुणाची मनाई नव्हती, कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी धनगरवाड्यावर लोकर कातणाऱ्या एका मावशींजवळ जाऊन बसले. पिंजलेल्या लोकरीचा पेळू डाव्या हातात, उजव्या हाताने चाक. मी ओढत होते, त्या बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, वडू नगा. चाक फिरलं की ती आपसूक येती." खरंच येते. कापसाचा तंतू आखूड आणि गुळगुळीत. लोकरीच्या केसाला बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि बोटांतून पीळ पुढे सरकला की सैल पुंजक्याचा धागा होतो. त्या एका क्षणासाठी मी अजून रोज चरख्यावर बसते. बोटांना मेणचट ओशटपणा लागतो, मेंढीचा वास येतो, आणि धागा कुठे जाड झाला, कुठे बारीक, हे डोळ्यांआधी बोटाला कळतं.

घोंगडीला एकेरी धागा चालतो. स्वेटरला नाही, कारण एकेरी धाग्यात उरलेला पीळ सगळी वीण तिरकी ओढतो. म्हणून दोन धागे एकत्र घेऊन त्यांना उलट्या दिशेने पीळ द्यायचा आणि लडी रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची. चोळायची मुळीच नाही. नुसतं दाबून पाणी काढायचं आणि सावलीत टांगायचं. वाळल्यावर ती फुगते आणि जिवंत वाटते. रंग द्यावा लागत नाही. काळा, करडा, तांबूस, मळकट पांढरा असे सगळे मेंढीच्याच अंगावरचे.

ही लोकर टोचते, हे खरं. मेरिनोचा केस वीसेक मायक्रॉनचा, आपल्या दख्खनी मेंढीचा पस्तिसाच्याही पुढे. पण मऊपणा एवढाच लोकरीचा गुण, हे मला मान्य नाही. खाली सुती सदरा घाला आणि पहाटे म्हसवडच्या माळावर उभे राहा. वारा आत येत नाही आणि भुरभुर पाऊस वरच्यावर निथळून जातो. जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर तर गालालाही चालते.

वाईट याचं वाटतं की आता ही लोकर फेकून दिली जाते. कातरायची मजुरीसुद्धा तिच्या किमतीतून निघत नाही. पैसा मांसाला आहे, म्हणून कळपांत जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी वाढली. उंच, देखणी, पण अंगावर लोकर नावाला. धनगराला मी दोष देणार नाही, त्यालाही घर चालवायचंय. पण दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा किलो लोकर देते आणि मोठ्या माणसाच्या एका स्वेटरला धुऊन-पिंजून तेवढीच लागते. असं असताना ती उकिरड्यावर पडलेली मला बघवत नाही.

पहिला धड स्वेटर नातवाला केला, काळा, गळ्याशी करडी पट्टी. दुसरं काम मावशींसाठी, कानटोपी. जन्मभर लोकर कातलेल्या त्या बाईने सुईवर विणलेलं स्वतःच्या लोकरीचं काही अंगावर घातलं नव्हतं. त्यांनी टोपी उलटी केली, शिवण शोधली, वीण ताणून सोडली आणि विचारलं, "माग न्हाई, मग हे धरलंय कशानं?" मी पिशवीतून सुया काढल्या. सुलट टाका त्यांना दुपारभरात आला. उलट अजून बिघडतो. त्यांचा धागा माझ्या दहा नंबरच्या सुयांना फार जाड पडतो, म्हणून बुरुडाकडून बांबूच्या जाड सुया तासून घेतल्यात. दिवाळीनंतर मेंढरं कोकणाच्या वाटेला लागण्याआधी त्यांना बाही कशी घटवायची ते शिकवायचं आहे, कारण त्यांना आता मालकांसाठी पूर्ण बाह्यांचाच स्वेटर हवा आहे.