पंचवीस एकरांत एक झाड

सेस्ना विमानाचे पंख डोक्यावर असतात. मोठ्या विमानात खिडकीची जागा हट्टानं मागून घ्यावी आणि प्रवासभर पंखाचा पत्रा बघत बसावं, तसं इथे होत नाही. खाली बघायला आड काही येतच नाही. शिवाय कित्येक सेस्नांची खिडकी हवेत असताना उघडता येते. खटका ओढला की ती वर उचलली जाते आणि वाऱ्याच्या जोरानं पंखाच्या पोटाला टेकून तशीच राहते. मग कॅमेरा बाहेर, कोपर बाहेर, केसांचं जे व्हायचं ते होतं. वेग ताशी दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे विमानाच्या मानानं रमतगमतच. ॲमेझॉनच्या रानावर पाळत ठेवणाऱ्यांना हे जुन्या घडणीचं, धडधडणारं विमान अजून का लागतं, ते त्या खिडकीशी बसल्यावर कळतं.

मी बसले ते विमान पाळतीचं नव्हतं, हौशी प्रवाशांना फिरवणारं होतं. भाची नोकरीनिमित्त मनौसला राहते. पुण्याच्या बजाजनं 2024 मध्ये तिथे मोटारसायकलींचा कारखाना सुरू केल्यापासून पिंपरी-चिंचवडकडे तरी हे नाव अगदीच परकं राहिलेलं नाही; एरवी आपल्या पिढीचं ॲमेझॉन म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातलं सेल्व्हा, दोन गुणांचं. मनौसला गेलेला माणूस नद्यांचा संगम बघतोच. काळ्या चहाच्या रंगाची रिओ नेग्रो आणि गढूळ सोलिमोंस, दोघी शेजारून वाहतात आणि सहा-एक किलोमीटर एकमेकींत मिसळायचं नाव घेत नाहीत. वरून बघितलं तर मधली रेघ स्पष्ट दिसते. ते बघून झालं आणि पायलटनं विमान रानाकडे वळवलं.

साठीच्या आसपासचा माणूस. पूर्वी त्यानं शेजारच्या पारा राज्यात, चोरटी तोड शोधणाऱ्यांना आणि वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांना घेऊन पुष्कळ उड्डाणं केली होती. मला पोर्तुगीज येत नाही, त्यामुळे त्याचं बोलणं माझ्यापर्यंत भाचीच्या तोंडून आणि इंजिनाच्या आवाजातून गाळून यायचं. खाली हिरवं. हिरवं म्हणून सांगण्यातही अर्थ नाही, कारण त्यात काळसर, पोपटी, शेवाळी, तांबूस असे इतके रंग होते की डोळा कुठे ठरत नव्हता. आणि त्यात एकदम एक पिवळाधमक ठिपका. पान एक नाही, नुसतं फूल. बऱ्याच अंतरावर दुसरा. मग कितीतरी वेळ काहीच नाही, आणि मग तिसरा.

“मावशी, तो म्हणतोय, ते पिवळं म्हणजे ईपे,” भाची ओरडून म्हणाली. “आणि म्हणतोय, आपल्याला दिसतं तसं त्यांनाही दिसतं.”

त्यांना म्हणजे लाकूडचोरांना. कोरड्या दिवसांत ईपे पानं टाकतं आणि अंगभर फुलतं. शेजारची झाडं हिरवी असताना हे एकटं पेटल्यासारखं उभं राहतं. परागासाठी किड्या-माश्यांना दिलेली हाक आकाशातल्या माणसालाही ऐकू जाते, हे त्या झाडाला कुणी सांगायचं?

मला ते फूल ओळखीचं वाटलं, आणि ते खरंच ओळखीचं निघालं. मुंबईत विक्रोळी-घाटकोपरच्या हायवेला दरवर्षी गुलाबी फुलांचा बहर येतो, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, कुणी त्याला मुंबईचं चेरी ब्लॉसम म्हणतं. ती बसंतरानी, म्हणजे टॅबेबुया. मूळची अमेरिका खंडातली. ईपे तिच्याच घराण्यातलं. 2007 पर्यंत वनस्पतिशास्त्रज्ञ ईपेलाही टॅबेबुयातच धरत होते. आपल्याकडची बहीण रस्त्याच्या कडेला शोभेला उभी, आणि तिकडच्या भावाच्या मागे करवत लागलेली. कारण त्याचं लाकूड. इतकं जड की पाण्यात बुडतं. वाळवी लागत नाही, पावसात कुजत नाही, उन्हात चार तपं टिकतं. अमेरिकेत घरामागच्या डेकला, समुद्रकाठच्या फळ्यांच्या रस्त्यांना ते फार आवडीनं वापरलं गेलं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा लाकडी रस्ता दुरुस्त करताना हेच लाकूड आलं होतं.

हे झाड रानात विरळ असतं. दहा हेक्टरांत सरासरी एक. आपल्या हिशेबात पंचवीस एकरांत एक झाड. त्या एका झाडापर्यंत पोचायला वाट पाडावी लागते, तोडल्यावर ओंडका ट्रॅक्टरनं ओढून काढावा लागतो, तो पडताना शेजारची झाडं आणि वेली घेऊन पडतो, मग ट्रक उभा राहील एवढी जागा मोकळी करावी लागते. चोरी एका झाडाची, नुकसान सगळ्या पंचवीस एकरांचं. आणि एवढं करूनही रान वरवर उभंच दिसतं. पोखरलेलं, पण उभं.

उपग्रहाची अडचण इथेच आहे. ब्राझीलची अवकाश संशोधन संस्था 1988 पासून दरवर्षी ॲमेझॉनमधल्या तोडीचा हिशेब ठेवते, आणि 2004 पासून ताज्या तोडीचे इशारेही देते. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. 2004 साली एका वर्षात 27,772 चौरस किलोमीटर रान गेलं. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तरी त्याहून लहानच भरतील. 2012 मध्ये तो आकडा 4,571 वर आला. रबर गोळा करणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या, सोळाव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नसलेल्या मरीना सिल्वा पर्यावरणमंत्री असताना ही घडी बसली: वरून इशारा आणि खालून इबामा या सरकारी खात्याचे लोक. पण वार्षिक हिशेब असतो तो सपाट झालेल्या रानाचा. सपाट झालेलं रान वरून लपत नाही. हमरस्ता, त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेले फाटे, फाट्यांच्या कडेनं उघडी जमीन. रोंदोनिया राज्याचं उपग्रहचित्र बघितलं की ताटात पापलेटचा काटा उरावा तसं दिसतं. मात्र फांद्यांच्या छताखालून गेलेली एका ट्रकपुरती वाट, आणि पंचवीस एकरांतून उणं झालेलं एक झाड, हे तिथून निसटतं. पावसाळ्याचे ढग असतात ते वेगळेच.

ते बघायला कुणीतरी खाली यावं लागतं. हजारएक फुटांवर.

पायलटनं सांगितलेलं असं. निघायचं सकाळी लवकर, कारण दुपारपर्यंत ढग चढतात; आणि ऑगस्टपासून पुढे जाळपोळीचा धूर इतका असतो की काही दिवस जमीनच दिसत नाही. शोधायचं काय, तर तपकिरी दोरा. हिरव्यात मध्येच दिसतो, मध्येच बुडतो. तो धरून जात राहायचं. कुठेतरी तो रुंद होतो, आणि तिथे ओंडके रचलेले असतात, सालीसकट, शेजारी पिवळा ट्रॅक्टर, आणि झाडांच्या कडेला निळी ताडपत्री: तो मुक्काम. मग विमान एका पंखावर कलतं करून त्या जागेभोवती फिरत राहायचं. मागच्याचा कॅमेरा चालू, पुढच्याच्या मांडीवर वही, वहीत अक्षांश-रेखांश. खालची माणसं काय करतात, मी विचारलं. काही पळतात. काही नुसती उभी राहून वर बघतात. पळणारे नवखे, असं त्याचं मत.

उभे राहणारे का उभे राहतात, हे त्यानं सांगितलं नाही, पण मला वाटतं ते हिशेबी असतात. सगळ्यात जवळचं सरकारी ठाणं कुठे आहे, तिथून गाडी निघाली तर किती दिवसांनी पोचेल, वाटेत किती ओढे आहेत, हे त्यांना विमानातल्या माणसापेक्षा चांगलं ठाऊक असतं. हेलिकॉप्टर येऊ शकतं. म्हणून तर हेलिकॉप्टरवर राग. 2019 च्या जुलैत रोंदोनियात इबामाच्या हेलिकॉप्टरांसाठी इंधन नेणारा टँकर जाळला गेला. 2022 च्या जानेवारीत तर खुद्द मनौसमध्ये, एरोक्लबच्या आवारात उभ्या असलेल्या इबामाच्या हेलिकॉप्टरलाच आग लावली गेली. बघणाऱ्याचे डोळे फोडण्याचे याहून सभ्य मार्गही असतात. 2019 मध्ये त्याच अवकाश संस्थेचे प्रमुख रिकार्दो गाल्वाँव यांनी तोड वाढल्याचे आकडे दिले. राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारोंनी ते खोटे ठरवले. गाल्वाँवनी जाहीर उत्तर दिलं आणि महिन्याभरात त्यांना पदावरून काढलं. त्यानंतर 2021 मध्ये तोड 13,038 चौरस किलोमीटरवर गेली होती. मरीना सिल्वा 2023 मध्ये पुन्हा मंत्री झाल्या, आणि 2024 चा आकडा 6,288 वर उतरला. सरकार बदललं की आकडा बदलतो, इतकं हे सरळ आहे.

आणि विमानानंही फार साळसूदपणाचा आव आणू नये. यानोमामी आदिवासींच्या मुलखात हजारो चोरटे सोनेखणक शिरले ते अशाच छोट्या विमानांतून. रानात झाडं पाडून केलेल्या चोरट्या धावपट्ट्यांवर तांदूळ, डिझेल, पंप घेऊन हीच सेस्ना उतरत होती. 2023 च्या फेब्रुवारीत ब्राझीलच्या हवाई दलाला तिथल्या आकाशावर निर्बंध घालावे लागले. तोच डोक्यावरचा पंख, तीच उघडी खिडकी. चोराला आणि पहारेकऱ्याला रान सारख्याच उंचीवरून दिसतं.

पायी पहारा देणारेही आहेत. मारान्याव राज्यात अरारिबोया नावाच्या राखीव मुलखात ग्वाजाजारा आदिवासींनी स्वतःचं राखणदारांचं पथक केलं. पाऊलो पाउलीनो ग्वाजाजारा हा त्यातला तरुण 1 नोव्हेंबर 2019 ला लाकूडचोरांच्या गोळीनं मेला. पाराकडच्या तेंबे आदिवासींच्या रानात एका संस्थेनं जुने मोबाइल झाडांवर उंच बांधले, सौर पट्टीवर चालणारे. दूरवर करवत सुरू झाली की ते आवाज ओळखून कळवतात. मला ही युक्ती विमानापेक्षा आवडली. ती धुरात आंधळी होत नाही. पण ऐकल्यावर जायचं कुणी, हा प्रश्न तिथेही पाउलीनोसारख्या मुलांपाशीच येऊन थांबतो.

समजा सगळं जुळलं. विमानानं बघितलं, फोटो निघाला, पथक पोचलं. तरी लाकूड जातंच, कारण ते रानातून सुटतं आणि कागदावर चढतं. ब्राझीलच्या कायद्यानं परवानगी काढून तोड करता येते. मालकानं झाडांची यादी द्यायची: जात, घेर, जागा. त्यावर अमुक इतक्या घनमीटरचा परवाना मिळतो. या यादीत जिथे ईपे नाही तिथे ईपे लिहायचं, आणि आहे ते दुप्पट जाड करायचं. त्या न उगवलेल्या झाडांच्या परवान्यावर राखीव रानातलं खरं लाकूड गिरणीत शिरतं, चिरलं जातं, आणि बंदरावर पोचेपर्यंत सोवळं होतं. ग्रीनपीसनं 2018 मध्ये या काल्पनिक झाडांवर अहवालच काढला होता. त्याआधी 2014 मध्ये त्यांच्या लोकांनी ट्रकांना गुपचूप जीपीएस लावून ते रात्री रानातून निघून सांतारें शहरातल्या गिरण्यांत कसे पोचतात ते दाखवलं होतं. आपल्याकडे कागदावर विहिरी खोदल्या गेल्या, तिकडे झाडं वाढवली जातात. वाहतुकीचा पास आणि ट्रकातला माल यांची तोंडं एकमेकांकडे नसतात, हे सिंधुदुर्गातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाला 2013 मध्ये वृक्षतोडबंदी करावी लागली. तिथली तोड बघायला विमान लागत नाही, एसटीच्या खिडकीतून दिसते.

पण ईपेचा कागद रानावरून उडून दिसत नाही. तो तपासायची जागा दुसऱ्या टोकाला आहे, जिथे लाकूड विकत घेतलं जातं. 2022 मध्ये पनामाच्या परिषदेत ईपे साइट्स या, दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालायचं ठरलं आणि 25 नोव्हेंबर 2024 पासून ते लागू झालं. आता निर्यातीला हे लाकूड कायदेशीर मार्गानं आल्याचा सरकारी दाखला लागतो. चांगलंच झालं. मात्र तो दाखलाही शेवटी त्याच झाडांच्या यादीवर उभा राहणार, त्यामुळे माझा त्यावर अर्धाच विश्वास आहे.

न्यू जर्सीत, टेक्सासात, कॅलिफोर्नियात आपली कितीतरी माणसं आता घरमालक झाली आहेत. उन्हाळा आला की व्हॉट्सॲपवर नव्या डेकचे फोटो येतात. खुर्च्या, बार्बेक्यू, कडेला तुळस. पुढच्या खेपेला कंत्राटदार ब्राझिलियन वॉलनट किंवा ईपे म्हणून गुळगुळीत तपकिरी तुकडा हातात देईल, चाळीस वर्षांची हमी सांगेल, कागदपत्रंही दाखवेल. कागद जरूर बघा, पण लाकूड दुसरं घ्या. तिथलंच वाढवलेलं पाइन किंवा सिडार घ्या, पंधरा-वीस वर्षांनी फळ्या बदलाव्या लागतील, तेवढा खर्च सोसा.