गाडी गुरगुरते, पण हलत नाही!

दार्जिलिंग म्हटलं की तुम्हाला चहा आठवतो आणि ती चिमुकली आगगाडी. आज मात्र आपण तिथून पुढे, मानेभंज्यांगला जाऊ. नेपाळीत भंज्यांग म्हणजे खिंड. गाव एवढंसं, आणि नेपाळची हद्द त्याला अगदी खेटून!

इथे तुम्हाला लँड रोव्हर गाड्या उभ्या दिसतील. कित्येक १९५०च्या दशकातल्या, म्हणजे तुमच्या आजोबांच्या वयाच्या! चहाच्या मळ्यांवर राबलेल्या या गाड्या आता प्रवाशांना सांदकफूला नेतात. अंतर ३१ किलोमीटर, पण चढ विचारू नका. सांदकफूची उंची ३६३६ मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी कमीच! पूर्वी रस्ता म्हणजे नुसते दगडधोंडे. आता बराच भाग सिमेंटचा झालाय, पण वळणं तशीच छातीत धडकी भरवणारी.

समजा, गैरीबास सोडून तुम्ही वर निघालात. गाडी फक्त मागच्या चाकांवर चाललीय. एवढ्यात 'खट्ट' असा आवाज! इंजिन गुरगुरतंय, गिअर पडतोय, पण गाडी जागची हलेना. उलट मागेच सरकतेय! चालक हँडब्रेक ओढतो, तरी ती थांबेना.

घाबरलात ना? पायातला ब्रेक शाबूत आहे. तो दाबून ठेवायचा आणि चाकांमागे मोठे दगड लावायचे. बाकी सगळं त्यानंतर.

आता शोध घेऊ. जळका वास येतोय आणि इंजिन नुसतंच जोरात पळतंय? मग क्लच घसरतोय. तसं नाही. लाल मुठीचा दांडा मधे अटकलाय का? तो मधे असला की चाकांना ताकद पोचतच नाही. तोही जागेवर आहे. मग एका मोठ्या माणसानं बाजूला उभं राहून, वाकून गाडीखाली बघायचं. खाली शिरायचं मुळीच नाही! चालकानं ब्रेक न सोडता गिअर टाकून क्लच हळूच सोडला, की इंजिनाकडून मागे जाणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट फिरतो का? तो फिरत नसेल, तर दोष क्लचमध्ये नाहीतर गिअरबॉक्सकडे. पण तो तर गरगर फिरतोय आणि चाकं ढिम्म! म्हणजे मोडलंय ते मागेच, दोन चाकांच्या मधे.

तिथे डिफरन्शियल नावाचा दातेरी चाकांचा गोळा असतो. कवायतीत रांग वळताना बाहेरच्या मुलाला लांब ढांगा टाकाव्या लागतात ना, तसंच वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं. ती सोय हा गोळा करतो. त्यातून दोन्ही चाकांकडे एकेक पोलादी दांडा जातो, त्याला हाफ शाफ्ट म्हणतात. या गाड्यांत तोच तुटण्यात पटाईत! एक तुटला की दुसऱ्याचंही बळ वाया. रस्सीखेचीत समोरच्यांनी दोर सोडून दिल्यावर काय होतं, आठवा.

आणि हँडब्रेक का लागेना? कारण या गाडीत तो चाकांवर नसतोच, मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट थांबला तरी चाकं मोकळीच!

खात्री करायची युक्ती सोपी. पिवळी मूठ खाली दाबली की पुढची चाकंही कामाला लागतात. गाडी पुढच्या चाकांवर ओढू लागली, की दोष मागचाच. मात्र चढावर भार मागे जातो, पुढची चाकं घसरतात. तेव्हा सगळ्यांनी खाली उतरून पायी चला. हो, दप्तर घेऊन!

सपाट जागा मिळाली की दुरुस्ती. चाकाच्या मध्यावरचे बोल्ट सोडवून दांडा बाहेर ओढतात. तुटका तुकडा बहुधा आतच राहतो. तो लोहचुंबकानं नाहीतर तारेनं काढायचा, नवा दांडा सरकवायचा आणि सांडलेलं तेल पुन्हा भरायचं. तोवर तुम्ही हात चोळत उभे राहा, थंडी फार असते. वर पोचल्यावर आकाश निवळ असेल, तर कांचनजंगा आणि एव्हरेस्ट दोन्ही दिसतील.