आलेख आणि ताळेबंद

मराठीच्या प्राध्यापकाने शेअर बाजारावर लिहावे हा काही वाचकांना औचित्यभंग वाटेल. त्यांच्या समाधानासाठी एक दाखला देतो. बेंजामिन ग्रॅहम १९१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून पदवीधर झाला, तेव्हा इंग्रजी, गणित आणि तत्त्वज्ञान अशा तीन विभागांनी त्याला अध्यापनासाठी बोलावले होते. तो गेला वॉल स्ट्रीटवर. पुढे १९३४ मध्ये डेव्हिड डॉडसह लिहिलेल्या ‘सिक्युरिटी ॲनालिसिस’ या ग्रंथातून समभागाचे मूल्य कंपनीच्या हिशेबांत शोधण्याची रीत त्याने घालून दिली.

आमचे अण्णा ग्रॅहमचे नावही न ऐकता त्याच पंथाचे होते. सरकारी खात्यात लेखापाल म्हणून त्यांचे आयुष्य गेले. कंपनीचा वार्षिक अहवाल ते शेवटाकडून वाचत. आधी तळटिपा, मग रोख प्रवाह; अध्यक्षांचे मनोगत सर्वांत शेवटी, बहुधा नाहीच. “तू प्रस्तावना वाचून कादंबरीवर अभिप्राय देतोस का?” असे मला विचारत. २०११ साली याच पद्धतीने त्यांनी रसायने बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीचे समभाग घेतले. आईच्या औषधपाण्याची ती तरतूद होती.

मी मात्र आलेखांकडे ओढला गेलो. वाणिज्य विभागातील एका सहकाऱ्यांनी मला ती वाट दाखवली. जाणण्याजोगे जे काही आहे ते भावात आधीच उतरलेले असते, तेव्हा भावाबाहेर पाहण्याचे कारण नाही, हा तांत्रिक विश्लेषणाचा सिद्धांत आहे. संहितेबाहेर पाहू नका, असे वर्गात शिकवणाऱ्या माणसाला तो ओळखीचा वाटला यात नवल नाही. मागील दोनशे दिवसांच्या बंद भावांची सरासरी, आणि वेल्स वाइल्डरने १९७८ मध्ये मांडलेला आरएसआय, ही माझी दोन आवडती साधने. आरएसआय भावातील चढ आणि उतार यांचे बळ तोलून शून्य ते शंभर यांच्यामधला अंक देतो. सत्तरच्या वर खरेदीचा अतिरेक, तीसच्या खाली विक्रीचा.

अण्णांशी वाद घालताना माझे हुकमी उदाहरण ‘सत्यम’चे असे. २००८ मध्ये उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबूल केले, की ताळेबंदातील पाच हजार कोटींहून अधिक रोकड मुळात नव्हतीच. भाव एका दिवसात तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला. “हिशेबच खोटे असतील तर तळटिपा काय करणार?” मी विचारी. अण्णा शांतपणे म्हणत, “त्या पत्राच्या आधी काही दिवस भाव सावरत होता. तुझ्या आलेखाने कोणते पत्र वाचले होते?” दोघांचेही म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच वाद मिटत नसे.

२३ मार्च २०२० रोजी, सोमवारी, सेन्सेक्स ३९३४ अंकांनी कोसळला. अण्णांच्या त्या समभागाचा भाव दोनशे दिवसांच्या सरासरीच्या कितीतरी खाली गेला होता. मी त्यांच्या मागे लागून सगळे समभाग त्याच आठवड्यात विकायला लावले. २१ जानेवारी २०२१ रोजी सेन्सेक्सने पन्नास हजारांना स्पर्श केला. आम्ही विकलेला समभाग तोवर जुन्या भावाच्याही वर गेला होता.

त्या सोमवारी भविष्य कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा विकणे ही चूक होती, असे आज म्हणणे सोपे आहे. मला बोचते ते वेगळेच. त्याच दिवशी आरएसआय तीसच्या खाली होता. म्हणजे माझेच दुसरे साधन विक्रीचा अतिरेक झाल्याचे सांगत होते. मी दोहोंपैकी माझ्या भीतीला पटेल ते निवडले. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की ताळेबंद वाचून घेतलेली वस्तू मी आलेख पाहून विकली. सामाजिक आशयासाठी अभ्यासक्रमात लावलेली कादंबरी रचना सैल आहे म्हणून काढून टाकावी, तसा हा प्रकार. निकष बदलता येतो. पण आपण तो बदलत आहोत याचे भान तरी हवे. मला ते नव्हते.

अण्णांनी दोष दिला नाही. आईचा औषधांचा खर्च पुढे माझ्या पगारातून भागला आणि त्याचा भारही वाटला नाही. पण ती तरतूद त्यांनी स्वतः केलेली होती, आणि नंतर दर महिन्याला माझ्याकडून पैसे घेताना ते नजर वळवत. एकदाच त्यांनी विचारले, “विकण्याआधी तळटिपा वाचल्या होत्यास?”

अण्णा गेल्यावर त्यांची हिशेबाची वही माझ्याकडे आली. २०११ च्या पानावर त्या कंपनीच्या नावाखाली तीनच ओळी आहेत. कर्ज नगण्य. नफ्याइतकी रोकड प्रत्यक्ष हाती येते. मालकांनी समभाग गहाण ठेवलेले नाहीत. मार्च २०२० नंतरचा कंपनीचा अहवाल काढून मी त्या ओळी एकेक करून ताडून पाहिल्या. तिन्ही तशाच खऱ्या होत्या.