मावळच्या बाजारपेठांचे मुख

पुण्याहून सुटलेली लोकल लोणावळ्याच्या फलाटावर रिकामी होते, तेव्हा तिच्यातून दोन प्रकारची माणसे उतरतात. एक घोळका रिक्षांच्या दिशेने धावतो. त्याला भुशी धरण गाठायचे असते, धुके आणि मक्याचे कणीस हवे असते. दुसरी माणसे संथ चालतात. त्यांच्या हातात घडी घातलेल्या कापडी पिशव्या असतात. ती मळवलीहून, कामशेतहून बाजारासाठी आलेली असतात. कुणाला सोनाराकडे मोड द्यायची असते, कुणाला लग्नाच्या याद्या बांधायच्या असतात. लोणावळ्यावर लिहिताना पहिल्या घोळक्याचेच वर्णन नेहमी होते. गाव मात्र दुसऱ्या माणसांमुळे गाव राहिले आहे.

या बाजाराचा जन्म रेल्वेशी जोडलेला आहे. 1858 मध्ये पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली आणि 1863 मध्ये बोरघाटाचा अवघड चढ पूर्ण होऊन मुंबई-पुणे लोहमार्ग सलग झाला. घाट चढून आलेल्या गाड्यांना येथे थांबावे लागे. थांबा आला की वस्ती येते आणि वस्ती आली की पेढी येते. गुजराती, मारवाडी, पारशी, मुस्लिम आणि स्थानिक मराठी व्यापाऱ्यांनी स्टेशनपासून जुन्या मुंबई-पुणे रस्त्यापर्यंतच्या गल्ल्यांत आपापले ओटे बांधले. घाटातील मजुरांच्या शिदोरीतील गूळ-शेंगदाण्यांतून पुढे लोणावळ्याची चिक्की घडली, असे सांगितले जाते. स्टेशनजवळ एका पारशी कुटुंबाचे फजचे दुकान प्रसिद्धीस आले. पर्यटकांना ही दोनच नावे ठाऊक असतात. परंतु किराणा, कापड, भांडी, छत्र्या, घोंगड्या आणि औषधे विकणारी दुकाने हाच या बाजाराचा कणा होता व आजही आहे.

जुन्या दुकानाचा दर्शनी भाग डोळसपणे पाहावा. खाली काळ्या दगडाचा ओटा, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळई आणि तिच्या वर पुढे झुकलेली मंगलोरी कौलांची पडवी. दाराऐवजी सुट्या फळ्या. प्रत्येक फळीवर आकडा कोरलेला असतो. सकाळी फळ्या एकेक करून खाचेतून काढायच्या आणि रात्री त्याच क्रमाने बसवायच्या. आत गादी, गल्ला आणि गिऱ्हाइकाकडे तोंड करून टांगलेला तराजू. ही रचना शोभेसाठी नव्हती. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ओटा धान्याला ओलीपासून वाचवी, पडवी झड अडवी आणि भिजत आलेल्या गिऱ्हाइकाला टेकायला जागाही देई. दुकान उघडले की रस्ता आणि गादी यांच्यामध्ये काहीच उरत नसे. येणारा माणूस ओट्यावर बसे, घरची खुशाली सांगे आणि मग विचारी, “शेठ, नवा गूळ आला का?”

आज यांतील बरेच दृश्य झाकले गेले आहे. फळ्यांच्या जागी लोखंडी शटर आले, तुळईवर चकचकीत पत्रा चढला आणि पडवीसमोर दुकानाहून मोठा फ्लेक्स लागला. याला एकटे दुकानदार जबाबदार नाहीत. पूर्वी मुंबई-पुणे वाहतूक गावातून जात असे. द्रुतगती मार्ग 2002 मध्ये संपूर्ण खुला झाला आणि प्रवासी थेट महामार्गावरील फूड मॉलमध्ये थांबू लागला. पुढे खोपोली ते कुसगाव असा बोगद्यांचा आणि पुलांचा नवा जोडमार्ग आखला गेला. धावत्या गाडीतील माणसाचे लक्ष वेधण्यासाठी पाटी मोठी झाली. शेजाऱ्याची मोठी झाली म्हणून आपलीही झाली. अखेर सगळ्याच पाट्या इतक्या मोठ्या झाल्या की एकही नीट वाचता येईना.

हा दर्शनी भाग पुन्हा उभा करणे मात्र वाटते तितके अवघड नाही. खांब बहुधा तळाशीच कुजलेला असतो, कारण पाणी तेथे साचते. संपूर्ण खांब बदलण्याची गरज नसते. कुजका भाग कापून त्याच जातीच्या लाकडाचा सांधा बसवता येतो. जुनी भिंत चुन्याची असेल तर तिला चुन्याचाच गिलावा द्यावा. सिमेंटचा लेप आतली ओल कोंडून ठेवतो आणि मग भिंत आतून भुसभुशीत होते. लाकडाला अळशीचे तेल पाजले की ते पाऊस सोसते. सुरक्षेसाठी शटर हवेच असेल तर ते फळ्यांच्या आतल्या बाजूस लावता येते. पाटी तुळईच्या मापाची असावी, तिने कमान किंवा पडवी झाकू नये. गावातला सुतार आणि गवंडी ही कामे करू शकतात. त्यातून दुरुस्तीचा पैसाही गावातच राहतो.

खरी अडचण लाकडाची नसून हिशेबाची आहे. अनेक जुनी दुकाने भाड्याची आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 जेथे लागू आहे, तेथे भाडे वर्षाला चार टक्क्यांनी वाढवता येते. मूळ भाडेच नगण्य असेल तर त्याचे चार टक्केही नगण्यच. इमारत सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची, पण मिळणाऱ्या भाड्यात कौले शाकारणेही भागत नाही. मालकाने नोटिशीनंतरही दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, परंतु तोही वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. भाडेकरूच्या नावावर जागा नसल्याने ती बँकेकडे तारण ठेवता येत नाही. मालक नव्या इमारतीची वाट पाहतो, भाडेकरू मालकाची वाट पाहतो आणि पाऊस कुणाचीच वाट पाहत नाही. 2015 मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेमुळे छोट्या व्यावसायिकाला तारणाशिवाय, सुरुवातीला दहा लाखांपर्यंत, कर्जाची वाट मोकळी झाली. तरीही कर्ज फेडायला गल्ला भरावा लागतो. म्हणून दर्शनी भागाचा प्रश्न शेवटी गिऱ्हाइकापाशीच येऊन थांबतो.

हे काम होऊ शकते, याचे उदाहरण घाटाखाली मुंबईतच आहे. फोर्टमधील दादाभाई नौरोजी रस्त्यावरील कमानी एकेकाळी फलकांखाली बुजून गेल्या होत्या. मुंबईत वारसा नियम 1995 मध्ये आले. त्यानंतर त्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या आराखड्यानुसार फलकांची जागा आणि माप ठरवण्यात आले. दुकानदारांना विश्वासात घेतल्यावर फलक कमानीच्या आत गेले आणि दगडी नक्षी पुन्हा दिसू लागली. 2004 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. अमेरिकेत 1977 मध्ये तीन लहान गावांच्या मुख्य बाजारपेठांत असाच प्रयोग सुरू झाला. तेथे दर्शनी भागाची दुरुस्ती हे कामाचे केवळ एक अंग मानले गेले. व्यापाऱ्यांची एकजूट, गिऱ्हाइकांना पुन्हा बाजारात आणणे आणि दुकानांचे अर्थकारण सावरणे ही बाकीची अंगे होती. रंग दिलेले पण रिकामे दुकान फार काळ टिकत नाही, हे तेथील लोकांनी ओळखले होते.

लोणावळ्याहून पुण्याकडे निघाले की पहिले स्थानक मळवली. समोरच्या डोंगरात कार्ल्याचे चैत्यगृह आहे. ते बौद्ध लेणे खरे, पण तेथील शिलालेख वाचले तर ते व्यापाऱ्यांचेही स्मारक वाटते. वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेले, असे एक लेख सांगतो. धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या गंध्याने, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने, दर्शनी मुखाचे दान दिले आणि सामी नावाच्या सुताराने मुखाचे काम केले, अशीही नोंद तेथे आहे. त्यासाठी प्राकृतात ‘घरमुघ’ म्हणजे घराचे मुख असा शब्द आला आहे. एका दुकानदाराने आपली कमाई चार लोकांच्या वास्तूचे मुख घडवण्यासाठी दिली आणि ज्याचे हात राबले त्या सुताराचेही नाव दगडावर कोरले गेले. मावळात ही रीत जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे.

जैन वाचकाला मावळातील आणखी एक लेख जवळचा वाटेल. पाले येथील लेण्यात अरहंतांना नमन करून सुरू होणारा प्राचीन ब्राह्मी लेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो विद्वानांपुढे आणला. भदंत इंद्ररक्षिताने लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, करविले एवढाच त्याचा आशय. निवारा आणि पाणी या दोनच गोष्टी. घाटवाटेने येणाऱ्या-जाणाऱ्यांना याहून अधिक काय हवे असते?

ती वाट आजही चालती आहे. मुंबई-पुणे विहारात साधू-साध्वी घाट चढून लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव अशा गावांतून पायी जातात. त्यांना गोचरी मिळते, मुक्कामाला जागा मिळते ती बाजारपेठेत राहणाऱ्या श्रावक कुटुंबांमुळे. दुकानाच्या मागे किंवा माडीवर घर असते, म्हणूनच दुपारी तेथे चूल पेटलेली असते. दुकान बंद पडून कुटुंब शहरात गेले की विहाराच्या वाटेवरचे एक दार मिटते. बाजाराच्या ऱ्हासाची ही बाजू कोणत्याही जमाखर्चात लिहिली जात नाही.

कामशेतला भातगिरण्यांचा घरघराट आणि नव्या तांदळाचा वास येतो. ज्या इंद्रायणी तांदळाला आज शहरात मोठी मागणी आहे, ते वाण येथून जवळच असलेल्या वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झाले आणि 1987 मध्ये प्रसारित झाले. तोच तांदूळ शहरात आकर्षक वेष्टनात घेणारे कुटुंब कामशेतवरून गाडीने जाताना काच खाली करत नाही. पुढे तळेगाव दाभाडे. येथे 1908 मध्ये पैसाफंडाच्या वर्गणीतून काच कारखाना उभा राहिला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभारावा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना होती. आपल्या माणसाच्या हातचे घ्यावे हा विचार मावळाला नवा नाही. त्यासाठी लागणारी रक्कमही तेव्हा एका पैशाएवढीच होती.

आज तो पैसा किती असावा? समजा, मावळातील तीनशे कुटुंबांनी दरमहा केवळ एक हजार रुपयांची खरेदी जुन्या बाजारपेठेकडे वळवली. महिन्याला तीन लाख आणि वर्षाला छत्तीस लाखांची उलाढाल झाली. त्यात आठ टक्के निव्वळ नफा धरला तर 2 लाख 88 हजार रुपये होतात. दहा दुकानांत वाटले तर प्रत्येकास 28 हजार 800. दर्शनी भागासाठी घेतलेल्या एक लाखाच्या कर्जाचा, पाच वर्षे मुदत आणि 11 टक्के व्याज धरून, वर्षाचा हप्ता साधारण 26 हजार होतो. म्हणजे कुणीही देणगी न देता पाच वर्षांत दहा दुकानांचे मुख उजळू शकते. गिऱ्हाइकाला आपल्या घरी लागणारी वस्तूच घ्यायची आहे, अधिक काही नाही.

अर्थात हा व्यवहार एकतर्फी असू शकत नाही. जुन्या दुकानात भाव जास्त, बिल नाही, माल शिळा आणि बोलणे तुसडे असेल तर सागवानी खांब पाहून कुणी परत येणार नाही. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापाने देणे-घेणे आणि अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रसिद्ध नावाशी साधर्म्य साधणाऱ्या चिक्कीच्या पाट्या पाहिल्या की दुसऱ्या अतिचाराची आठवण होते. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे गुण सांगताना न्यायाने मिळवलेल्या संपत्तीला अग्रस्थान दिले. दुकानाचे खरे मुख तेच. लाकडाचे मुख त्याला शोभा देते. जे टिकाऊ आहे ते मोडून नवे आणण्यापेक्षा दुरुस्त करून वापरणे, हा परिग्रहाला आवर घालण्याचा एक साधा, घरगुती मार्गही आहे.

सायंकाळी परतीच्या लोकलची वेळ होते तेव्हा लोणावळ्याच्या बाजारात दिवे लागलेले असतात. पर्यटकांच्या गाड्या चिक्कीचे पुडे घेऊन महामार्गाकडे निघतात. गल्लीत एखाद्या जुन्या दुकानात गल्ला मोजून होतो, तराजूची पारडी पुसली जातात आणि फळ्या बसू लागतात. एक, दोन, तीन. मळवलीचे शेवटचे गिऱ्हाईक धावत येते. दुकानदार हातातली फळी भिंतीला टेकवतो, पुन्हा आत जातो आणि अर्धा किलो गूळ जोखून देतो. पिशवी भरून ते गिऱ्हाईक स्टेशनकडे वळते आणि मागे उरलेल्या फळ्या आपल्या आकड्यांनुसार खाचेत जाऊन बसतात. उद्या सकाळी त्या पुन्हा निघाव्यात, एवढीच या बाजाराची अपेक्षा आहे. ती पूर्ण करणे गिऱ्हाइकाच्या हाती आहे.